छप्पन्न नंबरच्या वहाणा

मनकर्णा सात महिने रोज कॉलेजात गेली आणि कॉलेजच्या लेखी ती एकही दिवस आली नव्हती. हे ऐकून कोणाला हसू येईल. हसावं, पण आधी ते कॉलेज कसलं होतं ते ऐकून घ्यावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, परीक्षा नागपूरच्या विद्यापीठाच्या असत, आणि अमरावतीतल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी वर्गणी गोळा करून हे कॉलेज काढलं होतं. मुलींना घ्यायचं की नाही यावर मंडळींचा तीन वर्षं खल चालला. शेवटी घ्यायचं ठरलं, कारण ‘आमच्याकडे मुलीसुद्धा शिकतात’ हे वाक्य पाहुण्यांपुढे भाषणात बरं दिसतं. पण मुली घेतल्या म्हणजे त्या दिसणार, आणि दिसल्या म्हणजे मुलं बिघडणार. तेव्हा मुली घ्यायच्या पण दिसू द्यायच्या नाहीत, असा तोडगा निघाला. तोडगा काढणारे पुण्याहून मुद्दाम आणलेले प्रिन्सिपॉलसाहेब. त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा नियम लिहिले, छापून घेतले आणि मुलींच्या खोलीत खिळ्याला टांगले.

वर्गात डाव्या भिंतीशी बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा सोडलेला. त्याच्यामागे एक बाक. मुलींनी प्राध्यापकांच्या आधी मागच्या दारानं येऊन तिथं बसायचं आणि सगळे गेल्यावर उठायचं. वर्गात बोलायचं नाही, आपसांतही नाही. केसांत फूल माळायचं नाही, वासानं मुलांचं लक्ष उडतं. बांगड्या वाजतील इतक्या घालायच्या नाहीत. लुगडं नऊवारी नसावं, कारण काष्ट्यात पोटऱ्या दिसतात. गोल पातळ नेसून पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. साहेबांच्या स्वतःच्या आई जन्मभर नऊवारीच नेसल्या आणि तशाच गेल्या, पण त्यांच्या पोटऱ्यांनी कोणाचं काय बिघडलं ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. नववा नियम वहाणांचा. फरशीवर बायकांच्या पावलांचा आवाज झाला की मुलं माना वळवतात, म्हणून मुलींनी वहाणा मागच्या दाराबाहेर काढून ठेवाव्यात.

आता हजेरी कशी घ्यायची? नाव पुकारलं तर मुलीचं नाव पन्नास मुलांच्या कानांवर पडणार. नंबर पुकारला तर ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज ऐकू येणार. आत वाकून बघावं तर मग पडदा कशाला? साहेबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी म्हातारा चपराशी शालिकराम याला बोलावून सांगितलं, “वहाणा मोज.”

शालिकराम इमानदार माणूस. त्यानं एकदाच पोरींच्या वहाणा ओळखून घेतल्या. एक्कावन्न नंबरची कोल्हापुरी. बावन्नच्या लाल सपाता. त्रेपन्नचा अंगठा उसवलेला. असं करत पंचावन्नपर्यंत. रोज वर्ग भरला की तो मागच्या दाराशी जाई, मान खाली घालून रांग बघे आणि आत येऊन प्राध्यापकांच्या कानात नंबर सांगे. प्राध्यापक वहीत मांडून टाकत. मुलीकडे कोणी पाहिलं नाही, तिचा आवाज कोणी ऐकला नाही, आणि हजेरी झाली. साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की अकोल्याच्या एका सभेत त्यांनी तिच्यावर अर्धा तास भाषण दिलं आणि अकोल्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मनकर्णाचा नंबर छप्पन्न, आणि ती अनवाणी येत असे.

तिचं घर बडनेऱ्याच्या वाटेवर, मळ्यात. बाप सहदेव वांगी, कोथिंबीर आणि शेवंती पिकवायचा, माय तानुबाई ती बाजारात नेऊन विकायची. पहाटे काष्टा मारून मनकर्णा फुलं तोडी, वाफ्यांना पाणी फिरवी, मग अंगावर चार तांबे ओतून तेच ते एक गोल पातळ गुंडाळी. माय ते रोज बघे आणि रोज म्हणे, “हे काय नेसनं हाये का? गाठोडं बांधल्यावानी दिसतं. याच्यात पानी फिरवून दाखव म्हना तुह्या सायबाले.” पायात काही घालायची मळ्यात पद्धतच नव्हती. पोरीनं वहाणा घालून बापासमोरून जावं, हे तर कोणाच्या मनातही आलं नसतं. मायच्या पायात तेवढ्या जाड तळव्याच्या, नाल ठोकलेल्या वहाणा होत्या, त्या बाजाराच्या गिट्टीसाठी. त्या घरापाशी आल्या की कुडाला टांगल्या जात.

मॅट्रिकला मनकर्णा सगळ्या गावात मुलींमध्ये पहिली आली तेव्हा मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई मळ्यात चालत आल्या. शिकली तर पुढे आमच्याच शाळेत मास्तरीण करते, म्हणाल्या. सहदेव बराच वेळ विळ्याची धार बघत बसला. मग म्हणाला, “जाऊ दे. पन येक साल वाया गेलं का कालेज बंद. धामनगावचे लोकं हो म्हनून थांबून राहिले.” धामणगावचे लोक म्हणजे धान्याच्या आडतीवरचं एक बिजवर स्थळ. मुलगी बाजारात उभी राहून माप घालू शकेल का, एवढीच त्यांची चौकशी होती.

तेव्हा मनकर्णानं अकरा नियम पाठ केले आणि सगळे पाळले. तिच्या अनवाणी पावलांचा तर तसाही आवाज होत नव्हता.

पडद्यामागे बसून तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली, जी पुण्याच्या पदवीनं साहेबांना कळली नव्हती. चिकाच्या पडद्यातून उजेडातल्या माणसाला अंधारातलं दिसत नाही, पण अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. मुली पन्नास मुलांपासून झाकल्या होत्या आणि पन्नास मुलं, प्राध्यापकांसकट, मुलींपुढे उघडी पडली होती. कोण नाकात बोट घालतो, कोण डुलक्या घेतो, कोण पडद्याकडे तोंड करून केसांवरून हात फिरवतो, हे नाटक रोज चाले. शेजारी बसणारी एक्कावन्न नंबरची बेबीताई, अकोल्याच्या वकिलाची मुलगी, मामाकडे राहून शिकायची. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून हसे.

मनकर्णा हसत नसे, लिहीत असे. मळ्यात वाफ्यात बी कधी टाकलं, उगवलं कधी, गोगलगाय कधी पडली, हे पंचांगाच्या कोऱ्या बाजूला तीच तारखेनिशी लिहायची. सहदेवला लिहिता येत नव्हतं आणि पुढच्या हंगामाला ते लागायचं. ती सवय वहीतही आली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर वार आणि तारीख, खाली सरांनी सांगितलेलं, आणि सरांनी काही सांगितलंच नाही तर तेही. इतिहासाच्या भगवंतरावांच्या पानांवर तेच जास्त होतं.

माघात नोटीस लागली. टर्म न मिळालेल्यांची यादी. त्यात चार मुलं होती आणि सर्वांत खाली: ‘क्र. ५६, हजेरी शून्य.’ टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. मनकर्णानं ती ओळ तीनदा वाचली. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा संताप आला. कमी भरली असती तर चुकलं म्हणता आलं असतं. शून्य? सात महिने ती कोण होती मग?

मुलींनी प्रिन्सिपॉलच्या खोलीत जायचं नाही, हाही एक नियम. पालकानं आत जायचं, मुलीनं दाराच्या पडद्याबाहेर थांबायचं. सहदेवला हे सांगण्याची सोय नव्हती. साल वाया गेलं एवढंच त्यानं ऐकलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारातून परस्पर तानुबाई आली. काष्टा मारलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर रिकामी टोपली, पायात त्या नाल ठोकलेल्या वहाणा. साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर जी आढ्याला लावली ती शेवटपर्यंत खाली आणली नाही.

“हे पाहा बाई,” ते आढ्याला म्हणाले, “तुमची मुलगी कॉलेजात येतच नाही.”

“येत नाई कशी? सात महिन्यापासून मीच तिले फाटकापोतर आनून राहिली.”

“फाटकापर्यंत. पुढे ती कुठे जाते, कोणी पाहिलंय?”

तानुबाईनं टोपली खाली ठेवली. असला प्रश्न बाजारात कोणी विचारला असता तर त्याला त्याच्या सात पिढ्या आठवल्या असत्या. पण पोरीचं साल अडकलं होतं.

साहेब न्यायी होते. त्यांनी चौकशी केली. आधी शालिकराम आला.

“सायेब, मी मान वर करत नाई. तुमचाच हुकूम हाये. पाच जोड असते, पाच सांगतो. छप्पनचा जोड म्या कदी पायलाच नाई. मले वाटलं, नाव टाकलं न पोरगी सासरी गेली.”

मग भगवंतराव आले. तपकिरीची डबी बंद करत, छाती पुढे काढून म्हणाले, “सर, मी या वर्षात एकदाही पडद्याच्या बाजूला पाहिलेलं नाही.” हे त्यांनी पदक मिळाल्यासारखं सांगितलं.

मुलांना विचारण्यात अर्थ नव्हता. पाहिलं म्हणेल त्याला दंड होता. राहिली बेबीताई. ती मनकर्णाशेजारी पडद्याबाहेर उभीच होती, तिनं तिथूनच सांगितलं, “सर, ती रोज माझ्या उजव्या हाताला बसते.”

“वर्गात बोलायची मनाई असताना ती कोण आहे हे तुम्हांला कसं कळलं?” साहेबांनी विचारलं. साहेब आपल्याच प्रश्नावर खूश झाले.

तर असा सगळा बंदोबस्त होता. ज्यांनी नियम पाळला त्यांनी तिला पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं असेल त्यांची साक्ष नियम मोडल्यामुळे चालत नव्हती. पडद्याबाहेर उभ्या मनकर्णाला वाटलं, आपण मरून पडलो असतो तरी या लोकांनी आधी वहाणा शोधल्या असत्या.

“माय,” ती बाहेरूनच म्हणाली, “माह्यापाशी वही हाये.”

“मंग वाच न! वाट कायची पायतं?”

साहेबांनी हात वर केला, पण तानुबाई टोपलीशेजारी, कंबरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभी होती. मनकर्णानं वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज त्या खोलीत मायशिवाय कोणीच यापूर्वी ऐकलेला नव्हता. तो चांगला ठणठणीत होता.

“सोमवार, बारा जुलै. सरांनी पानिपत सुरू केलं. मंगळवार, तेरा जुलै. सरांनी पुन्हा तेच पानिपत सांगितलं. काल सांगितल्याचं विसरले. बुधवार ते शुक्रवार, सर नाहीत. मुलांनी फळ्यावर गाढव काढून त्याला उपरणं घातलं. सोमवार, सर आले, वीस मिनिटं तपकीर ओढून झोपले. गुरुवार, सर नाहीत. शुक्रवार, सर नाहीत. शालिकराम मुलांना सांगत होता, अकोल्याच्या गाडीनं गेले, क्लबात पत्त्यांचे सामने आहेत.”

“सर, हे...” भगवंतराव म्हणाले. त्यांची डबी हातातून सुटून टेबलाखाली गेली. ती काढायला ते वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथंच राहिले. प्राध्यापकांचा मस्टर साहेबांच्या टेबलावरच होता. त्यात या सगळ्या गुरुवार-शुक्रवारी भगवंतरावांची वळणदार सही होती.

“हे ऐकीव असू शकतं,” साहेब म्हणाले. “कोणाही मुलाकडून कळू शकतं. प्रश्न साधा आहे. तुला वर्गात प्रत्यक्ष पाहिलेला एक तरी जबाबदार माणूस दाखव.”

बाहेर वहीची पानं उलटल्याचा आवाज झाला. एक पान तिनं उघडलं, आणि थांबली. ते वाचायचं तिच्या मनात नव्हतं. आईसमोर तर नव्हतंच. बेबीताईनं तिचं कोपर दाबलं.

“एक आहेत, साहेब,” ती म्हणाली आणि वाचू लागली. “गुरुवार, सोळा डिसेंबर. सर नाहीत. मुलं खेळायला गेली. बाकीच्या मुली खोलीत गेल्या, मी लिहीत बसले. प्रिन्सिपॉलसाहेब फेरीवर आले. त्यांनी काठीनं पडदा वर केला. माझ्या केसांत पहाटेची शेवंती राहून गेली होती. मला वाटलं आता दंड. पण साहेब हसले. म्हणाले, ‘मोठी गोड दिसते हो शेवंती. कोणाची गं तू?’ वर्गात बोलायला मनाई आहे म्हणून मी बोलले नाही. साहेब बराच वेळ पडदा धरून उभे होते. मग म्हणाले, ‘भारीच लाजाळू,’ आणि गेले.”

भगवंतराव टेबलाखालून अर्धे वर आले आणि पुन्हा खाली गेले. शालिकराम सवयीप्रमाणे जमिनीकडे बघत होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या. तानुबाई मात्र सरळ साहेबांकडे बघत होती, आणि आढ्याला चिकटलेली साहेबांची नजर आता कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

“सायेब,” ती हळू म्हणाली, “आमच्या शेवंतीचा तुमाले लय शौक दिसते. मंग पोरगी आलती का नवती?”

नाही म्हणावं तर वही होती, आणि वहीत तारीख होती. हो म्हणावं तर पडदा उचलणारा सगळ्या कॉलेजात एकच माणूस निघाला होता. साहेबांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, पुन्हा बुडवला.

“शालिकराम,” ते घसा खाकरून म्हणाले, “नोटीस उतरव. छप्पन्नला टर्म दिली आहे. कारकुनी चूक होती.” मग अंगात थोडा धीर आल्यावर म्हणाले, “मात्र शिस्त म्हणजे शिस्त. परीक्षेपर्यंत महिना आहे. उद्यापासून हिच्या वहाणा दाराशी दिसल्या पाहिजेत. नाहीतर पुन्हा हाच घोळ होईल.”

म्हणजे एवढं सगळं होऊनही चूक वहाणांची होती. मनकर्णाला वाटलं, आत जाऊन ती दौत साहेबांच्या स्वच्छ उपरण्यावर ओतावी. तिनं ओतली नाही. तिला परीक्षा हवी होती.

बाहेर आल्यावर तानुबाई थेट मागच्या दाराकडे गेली. तिथं पाच जोड शिस्तीत मांडले होते. तिनं आपल्या पायातल्या काढल्या आणि रांगेच्या शेवटी ठेवल्या. जाड तळवे, नाल ठोकलेले, टाचेला बाजाराचा चिखल वाळलेला.

“ह्या घे म्हना,” ती शालिकरामला म्हणाली. “छप्पन नंबर.”

“बाई, तुमी गिट्टीवून अनवानी जासान?”

“माह्या पायाचं मी पायतो. तुमी वाहना पाहा.” आणि टोपली उचलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा पडद्यामागच्या बाकावर बसली. समोर भगवंतराव आले होते, घाबरून वेळेवर आले होते, आणि पुन्हा पानिपतच सांगत होते. शालिकराम मागच्या दाराशी गेला, खाली बघितलं आणि आत येऊन म्हणाला, “एक्कावन ते छप्पन, समदे.” भगवंतरावांनी वहीत मांडलं. पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मनकर्णाला एकदम त्या बाकाची, त्या कामट्यांची, त्या अंधाराची शिसारी आली. तास संपल्यावर ती उठली, वह्या घेतल्या आणि मागच्या दारानं निघाली. वहाणा तिथंच राहू दिल्या.

ती पुन्हा आली नाही. मळ्यात विहिरीच्या थारोळ्याशेजारी, काष्टा मारून, बेबीताईनं दिलेली पुस्तकं मांडीवर घेऊन ती रोज दुपारपर्यंत वाचत बसे. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायला तेवढी उठे. सहदेव लांबून बघे. कॉलेजला सुट्टी हाये का, असं त्यानं एकदा विचारलं. “नाई बाबा,” ती म्हणाली, “माही हजेरी लागून राहिली.” आणि ते अगदी खरं होतं.

रोज सकाळी शालिकराम दार उघडी, सहावा जोड झटकून रांगेत सरळ करी, आणि वर्ग भरला की मान खाली घालून मोजी. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे त्यालाच ठाऊक. त्याला मान वर करायचा हुकूम कोणी दिला नव्हता.

परीक्षेत मनकर्णा कॉलेजात पहिली आली. इतिहासात तिला सगळ्यांत जास्त गुण पडले, आणि भगवंतरावांनी ते आपलं श्रेय म्हणून सांगितलं. धामणगावचे लोक थांबून थांबून दुसरीकडे गेले. मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई पेढे घेऊन मळ्यात आल्या.

वार्षिक समारंभात साहेबांनी पडद्याच्या फायद्यांवर भाषण केलं आणि शिस्तीचं उदाहरण म्हणून मुलींची शेवटच्या महिन्याची हजेरी वाचून दाखवली. त्यात बेबीताईचे तीन दिवस चुकले होते, ताप होता. त्रेपन्नचे दोन चुकले होते. एकही दिवस न चुकवणारी सगळ्या वर्गात एकच निघाली, छप्पन्न. साहेबांनी तिचं कौतुक केलं, मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि नियमितपणाच्या बक्षिसासाठी शालिकराम तिला बोलवायला मागच्या दाराशी गेला. थोड्या वेळानं तो परत आला. मान खालीच होती. दोन्ही हातांत, ताम्हन धरावं तशा, तानुबाईच्या वहाणा होत्या.